नाटक एक, गाणी बदलती : 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'च्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून तुलनेच्या तक्त्याला सुरुवात केली. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या संगीत नाटकाची जी अधिकृत ध्वनिमुद्रणे आणि चित्रमुद्रणे आजवर जमवली, ती शेजारीशेजारी ठेवून कोणते गाणे वाढले, कोणते गळले आणि शब्द व सूर तेच राहूनही अर्थ कोठे सरकला, हे नोंदवणे एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. तक्त्यात सात रकाने आखले आहेत : १९७० ची मूळ ध्वनिमुद्रिका, १९७१ चा ब्रॉडवेवरील प्रयोग, १९७३ चा चित्रपट, १९९६ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात झालेले पुनरुज्जीवन, त्याच मांडणीवर आधारलेले २००० चे चित्रमुद्रण, २०१२ चा मोठ्या क्रीडागृहांतून फिरलेला दौरा आणि २०१८ मध्ये ईस्टरच्या रविवारी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून थेट दाखवलेला प्रयोग.

पात्रांची नावे मराठी बायबलप्रमाणे लिहिणार आहे : यहूदा (पैसे घेऊन येशूला पकडून देणारा शिष्य), पेत्र (येशूच्या अटकेनंतर त्याला ओळखत नाही असे तीनदा म्हणणारा शिष्य), मरीया मग्दालीया (येशूची अनुयायी), कयफा आणि हन्ना (ज्यू धर्माचे वरिष्ठ पुजारी), पिलात (रोमन सुभेदार), हेरोद (गालीलाचा राजा). गाण्यांची नावे मात्र उच्चाराप्रमाणे ठेवली आहेत, कारण त्यांची भाषांतरे केली तर महिन्याभराने मलाच ती ओळखू येणार नाहीत.

हेच नाटक निवडण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे संगीत आणि टिम राइस यांचे शब्द असलेल्या या नाटकात गद्य संवाद नाहीत. भांडण, कट, चौकशी, पश्चात्ताप, सगळे गाऊनच होते. आपल्या संगीत नाटकात कथा पुढे नेण्याचे काम बहुतेक गद्य करते आणि पद तिला क्षणभर थांबवून मनातले उलगडते, म्हणूनच 'शाकुंतला'च्या मूळ संहितेतील दोनशेहून अधिक पदांपैकी कितीतरी पुढे गायली गेली नाहीत, तरी दुष्यंताची गोष्ट मोडली नाही. येथे ती सोय नाही. एखादे गाणे काढले, तर त्याच्या जागी कथेला भोक पडते, आणि एखादे घातले, तर आधीच्या नि नंतरच्या गाण्यांचे वजन बदलते. शिवाय येशूच्या अखेरच्या आठवड्याची कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते आणि तिचा शेवट कोणाला बदलता येत नाही, त्यामुळे जे काही बदलायचे ते गाण्यांच्या जागेत, गायकात आणि सुरावटीच्या वागणुकीतच बदलणार, असा माझा अंदाज आहे. तो कितपत टिकतो ते पाहायचे.

७ जून

चार दिवस मोजणीतच गेले आणि त्यातील निम्मे वाया गेले. १९७० ची ध्वनिमुद्रिका दोन तबकड्यांची, म्हणजे चार बाजूंची आणि साधारण दीड तासाची आहे. तिच्यावरील नावे मोजून मी गाण्यांची संख्या लिहून टाकली आणि नंतरच्या मुद्रणांशी ताडून पाहिली, तर प्रत्येक वेळी गाणी 'वाढलेली' दिसू लागली. कारण अगदी साधे निघाले. मूळ ध्वनिमुद्रिकेवर 'व्हॉट्स द बझ' आणि 'स्ट्रेंज थिंग मिस्टिफाइंग' ही दोन गाणी एकाच नावाखाली आहेत; 'सायमन झीलॉट्स' आणि 'पुअर जेरुसलेम', तसेच 'डॅम्ड फॉर ऑल टाइम' आणि 'ब्लड मनी' यांचेही तसेच. पुढे काही मुद्रणांत ती सुटी केली गेली. यापुढे नावे मोजणार नाही. चाल बदलली किंवा गाण्याची सूत्रे एका पात्राकडून दुसऱ्याकडे गेली, तर तो नवा घटक धरायचा, असा नियम स्वतःपुरता केला.

दुसरी चूक याहून वाईट होती. १९७१ च्या रकान्यात बऱ्याच गाण्यांपुढे मी 'गळले' असे लाल शाईने लिहिले होते. ब्रॉडवेच्या नटसंचाची ध्वनिमुद्रिका एकाच तबकडीची आहे आणि त्यामुळे तीत नाटकातील निवडक गाणीच बसली आहेत, हे उशिरा ध्यानात आले. ती गाणी रंगमंचावर होती, फक्त तबकडीवर जागा नव्हती. सगळे 'गळले' खोडून 'मुद्रणात नाही' असे केले. प्रयोगातून गाणे जाणे आणि मुद्रणातून जाणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर हा सगळा तक्ता खोटे बोलेल.

एक निरीक्षण मात्र याच खटाटोपात हाती लागले. मूळ ध्वनिमुद्रिकेची पहिली तबकडी यहूदा पैसे घेतो तेथे संपते आणि दुसरी अखेरच्या भोजनाने उघडते. रंगमंचावर मध्यंतर त्याच जागी येते. तबकडी बदलण्यासाठी श्रोत्याला उठावे लागत असे, तेथेच पुढे प्रेक्षक उठू लागले.

१० जून

'सुपरस्टार' हे शीर्षकगीत नाटकाच्या आधीचे आहे. १९६९ च्या अखेरीस ते मरी हेड यांच्या आवाजात सुटी तबकडी म्हणून निघाले. पूर्ण ध्वनिमुद्रिका १९७० ची आणि रंगमंचावरील पहिली मोठी निर्मिती १९७१ ची. सुरुवातीला हे नाटक उभे करायला निर्माता मिळेना, म्हणून दोघा तरुणांनी आधी ते ध्वनिमुद्रिकेच्या रूपात लोकांपुढे ठेवले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. गाण्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की, या गाण्याला नाटकातील जागा नंतर मिळाली.

सुट्या तबकडीवर ऐकताना प्रश्न विचारणारा आजचा माणूस वाटतो : तू आहेस तरी कोण, आणि एवढा जीव कशासाठी दिलास? त्याच गाण्यात, येशूने जन्मासाठी जनसंपर्काची साधने नसलेला काळ का निवडला, अशी खोचक तक्रारही आहे. नाटकात हे गाणे यहूदाच्या तोंडी येते, तेही तो मेल्यानंतर आणि येशूला क्रुसावर देण्याच्या अगदी आधी. शब्द तेच आहेत, पण आता विचारणारा अपराधी आहे आणि मेलेला आहे. त्यामुळे कालविसंगत तक्रारीलाही आधार मिळतो, कारण मेलेल्या माणसाला सगळे काळ सारखेच. चित्रपटात कार्ल अँडरसन हे गाणे झालरींच्या पांढऱ्या वेशात गातात आणि तेव्हापासून यहूदाने येथे चकचकीत होऊन परतावे, असा जणू पायंडाच पडला.

जनसंपर्काच्या त्या ओळीपुढे मी तक्त्यात वेगळी खूण केली आहे. १९६९ मध्ये तीत केवळ गंमत होती. २०१२ आणि २०१८ च्या प्रेक्षकांच्या खिशात फोन असताना तीच ओळ गायली जाते, तेव्हा प्रेक्षक हसतात खरे, पण त्या हसण्यात थोडा प्रेक्षकांवरचाही विनोद मिसळतो. एक अक्षरही न बदलता बदललेले गाणे म्हणून ही नोंद महत्त्वाची.

१५ जून

आजचा सगळा दिवस 'कुड वी स्टार्ट अगेन, प्लीज' या एकाच गाण्यावर घालवला आणि ते योग्यच झाले.

हे गाणे १९७० च्या ध्वनिमुद्रिकेत नाही. ते ब्रॉडवेच्या प्रयोगासाठी घातले गेले आणि त्यानंतर माझ्या सगळ्या रकान्यांत ते टिकून आहे. जागा : हेरोदाच्या गाण्यानंतर आणि यहूदाच्या मृत्यूपूर्वी. गाणारे मुख्यतः मरीया आणि पेत्र. आशय एवढाच की, आता हे फार पुढे गेले, कृपा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येईल का?

ते का लागले असावे, हे पाहण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रिकेचा उत्तरार्ध मरीयेवर लक्ष ठेवून पुन्हा ऐकला. पूर्वार्धात तिच्याकडे नाटकातील सर्वांत लोकप्रिय गाणे आहे. उत्तरार्धात ती पेत्राच्या नाकारण्याच्या प्रसंगात, तू हे काय बोलून बसलास, अशा अर्थाच्या मोजक्या ओळी गाते आणि जवळजवळ नाहीशीच होते. पेत्राची स्थिती त्याहून वाईट आहे : तो तीनदा नाकारतो आणि तेथेच त्याचे नाटक संपते. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रात, त्यानंतर पेत्र रडतो, ते रडणे मूळ ध्वनिमुद्रिकेत कोठेच नाही. नव्या गाण्याने मरीयेला उत्तरार्धात उभे राहायला जागा दिली आणि पेत्राला पश्चात्तापाची संधी. विशेष म्हणजे ही दोन पात्रे पूर्वी एकमेकांशी जवळजवळ बोलतच नव्हती.

रंगमंचाच्या बाजूनेही त्याची गरज पटते. ध्वनिमुद्रिकेवर हेरोदाचे टवाळ गाणे संपते आणि थेट यहूदाच्या शेवटाला सुरुवात होते. घरी बसून ऐकणाऱ्याला हा धक्का सोसतो. नाट्यगृहात हेरोदाच्या गाण्याला हशा आणि टाळ्या मिळतात, आणि त्या विरायच्या आत एका माणसाने आत्महत्या करायची, हे नटाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही जड जाईल. मधले मंद गाणे सभागृहाला खाली आणते. हा माझा तर्क आहे, पण दोन्ही क्रम लागोपाठ ऐकल्यावर त्याबद्दल शंका उरत नाही.

एक तोटाही नोंदवायला हवा. मूळ क्रमात यहूदा एकटा होता. त्याच्या आधी कोणीही पश्चात्तापाचा शब्द उच्चारलेला नव्हता. आता पेत्र आणि मरीया ते आधीच बोलून जातात, त्यामुळे यहूदाचा उद्रेक दुसऱ्या क्रमांकावर येतो. मूळ ध्वनिमुद्रिका ऐकताना यहूदाचा मृत्यू मला अधिक भीषण वाटतो, त्याचे हेच कारण असावे.

१६ जून

छोटी नोंद. मरीयेची भूमिका इव्हॉन एलिमन यांनी मूळ ध्वनिमुद्रिकेत, ब्रॉडवेवर आणि चित्रपटातही केली. बॅरी डेनेन यांचा पिलातही तिन्ही ठिकाणी आहे. एकाच गळ्यातून तीन वेळा उतरलेले 'आय डोन्ट नो हाउ टु लव्ह हिम' तुलनेला उत्तम, कारण येथे गायिका हा बदलता घटक उरत नाही. पट्टी, लय आणि श्वासाच्या जागा मोजायला घेतल्या.

२१ जून

पाच दिवसांची मोजमापे रद्द करावी लागली. चित्रपटातील मरीयेचे गाणे मूळ ध्वनिमुद्रिकेपेक्षा जवळपास अर्धा सूर चढे भरत होते आणि लयही किंचित द्रुत होती, म्हणून मी 'चित्रपटात पट्टी चढवली, उत्कटता वाढली' असा मोठा रुबाबदार निष्कर्ष लिहून ठेवला होता. मग सहज पिलाताच्या स्वप्नाचे गाणे मोजले, तर तेही तेवढेच चढे. हेरोदाचेही तेवढेच. सगळा चित्रपटच चढा होता.

माझ्याकडची डीव्हीडी पाल (PAL) या दूरचित्रवाणी पद्धतीची आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पाल पद्धतीत तो २५ चौकटींनी चालवला जातो. त्यामुळे सगळेच सुमारे ४ टक्क्यांनी वेगाने धावते आणि नंतर सूर सावरून घेतलेला नसला, तर तो साधारण सत्तर सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराहून थोडा कमी, वर जातो. गायिकेची उत्कटता मोजतोय असे समजून मी यंत्राचा वेग मोजत होतो. चित्रपटाच्या रकान्यातील पट्टी आणि लय यांच्या नोंदी पुसल्या आहेत. चित्रपटाची गाण्यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आहे, तिच्यावरून त्या नव्याने भरायच्या.

२६ जून

चित्रपटासाठी लिहिलेले 'देन वी आर डिसायडेड' आज घेतले. कयफा आणि हन्ना या दोघांचे हे गाणे नॉर्मन ज्युइसन यांच्या चित्रपटात आहे. माझ्या तक्त्यातील त्यानंतरच्या एकाही रकान्यात ते नाही. मरीया-पेत्राचे गाणे कायमचे राहिले आणि हे राहिले नाही, हा फरक समजून घेणे हे या प्रकल्पातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम आहे.

गाण्यात घडते ते असे : हन्नाला येशू क्षुल्लक वाटतो, गालीलातून आलेल्या आणखी एका बडबड्याकडे लक्ष कशाला द्यायचे, असे तो म्हणतो, कयफाला मात्र लोक त्याला राजा म्हणतात याचीच धास्ती आहे, कारण रोमन सत्ता ते सहन करणार नाही. अखेर दोघांचे एकमत होते. पुजाऱ्यांच्या निर्णयामागे केवळ द्वेष नसून भीती होती, हे यातून दिसते. १९७१ च्या ब्रॉडवे प्रयोगावर ख्रिस्ती आणि ज्यू अशा दोन्ही बाजूंच्या संघटनांनी आक्षेप घेतले होते, आणि ज्यूंच्या आक्षेपाचा मोठा भाग पुजाऱ्यांच्या चित्रणाबद्दल होता. या पार्श्वभूमीवर कयफाला माणूस म्हणून एक खासगी क्षण देणारे गाणे अर्थपूर्ण ठरते. आक्षेप मात्र चित्रपटालाही चुकले नाहीत.

मला अधिक रस आहे तो जागेत. चित्रपटात हे गाणे मरीयेच्या 'एव्हरीथिंग्ज ऑलराइट'च्या आधी येते. मूळ क्रमात मरीया येशूच्या कपाळाला तेल लावून सगळे ठीक आहे, झोप, असे सांगते, तेव्हा श्रोत्यालाही क्षणभर खरेच ठीक वाटते. पुजाऱ्यांचा कट त्यानंतर 'धिस जीझस मस्ट डाय'मध्ये उघड होतो. चित्रपटाच्या क्रमात निर्णय आधीच झालेला आहे, आणि मरीयेचे आश्वासन ऐकताना ते खोटे ठरणार आहे हे आपल्याला ठाऊक असते. तिच्या गाण्याचा एक शब्दही बदललेला नाही, तरी अंगाईचे ते गाणे करुण होऊन बसते. ते पाच मात्रांचे आहे. आपल्या कानाला झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाची आठवण व्हावी असे, पण झुलणारे. त्या झुलण्यात आधी विसावा होता, आता डळमळ ऐकू येते.

मग ते टिकले का नाही? मला वाटते, त्याचे काम आधीच झालेले होते. रोमनांची भीती यहूदाच्या पहिल्याच गाण्यात आहे आणि रक्तपाताची भीती 'धिस जीझस मस्ट डाय'मध्ये कयफा स्वतः गातो. नव्या गाण्याने नवी माहिती दिली नाही, फक्त ती लवकर दिली. मरीया आणि पेत्र यांच्या गाण्याने मात्र संहितेत नसलेलीच गोष्ट आणली होती. शिवाय रंगमंचावर पुजाऱ्यांचा पहिला प्रवेश एकदाच, गर्दीच्या घोषणांच्या पार्श्वभूमीवर, खर्जातल्या आवाजात होतो, तो परिणाम आधीच्या छोट्या गाण्याने पातळ होतो. हे मत आहे. चित्रपट आवडणारे पुष्कळ जण या गाण्यावर जीव टाकतात, हेही खरे.

२ जुलै

आज भटकणाऱ्या चालींचा नकाशा केला. या नाटकात एकच चाल वेगवेगळ्या पात्रांकडे जाते आणि त्यामुळे एका गाण्याच्या मांडणीत केलेला बदल दूरवरच्या दुसऱ्या गाण्यात जाऊन उमटतो.

'द टेंपल'मध्ये मंदिरातील व्यापारी सात मात्रांच्या चालीत माल खपवतात. येशू त्यांना हुसकावतो, आणि मग रोगी, आंधळे, पांगळे त्याला घेरतात, ते त्याच चालीत. उत्तरार्धात येशूला अटक होते, तेव्हा गर्दी त्याला प्रश्न विचारते : आज कसे वाटते आहे, लढायचा विचार आहे का? पुन्हा तीच चाल. विकणारे, मागणारे आणि बातमी हवी असणारे, तिघेही त्याच्याकडून काहीतरी ओरबाडू पाहतात, हे राइस यांनी कोठेही शब्दांत लिहिलेले नाही. ते चालीने सांगितले आहे. अटकेच्या वेळचे प्रश्न मुळातच वार्ताहराच्या मुलाखतीच्या घाटाचे आहेत, म्हणून अलीकडच्या मांडण्यांत त्या गर्दीच्या हाती ध्वनिक्षेपक नि कॅमेरे आले, तेव्हा शब्दांना हात लावावा लागला नाही. मात्र जेथे व्यापाऱ्यांचे गाणे नाचाच्या भरात फार रंगवले जाते, तेथे रोग्यांचे गाणे त्याच चालीत आहे हे कानाला कळत नाही. चाल ओळखू येणे हाच तर तिचा अर्थ.

दुसरे उदाहरण मरीयेच्या प्रेमगीताचे. मरण्यापूर्वी यहूदा तीच चाल गातो, जवळजवळ त्याच शब्दांत : याच्यावर प्रेम कसे करावे ते मला कळत नाही. दोघांचाही पेच एकच होता, हे त्या एका पुनरावृत्तीने उघड होते. ही चाल आधी 'कॅन्सस मॉर्निंग' नावाच्या, या नाटकाशी काही संबंध नसलेल्या गाण्याची होती, म्हणजे तिचा प्रवास मरीयेच्याही आधीपासून सुरू आहे. १९७१ मध्ये इव्हॉन एलिमन आणि हेलन रेड्डी या दोघींच्या आवाजात हे गाणे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून रंगमंचावर ते 'ते प्रसिद्ध गाणे' म्हणून येते : प्रकाश मंदावतो, गायिका एकटी उरते, शेवटी टाळ्या. ते जितके सुटे आणि सजवलेले होते, तितके यहूदाचे उसने घेणे परके वाटते. मला ती मांडणी अधिक पटते, जिच्यात मरीया हे गाणे स्वतःशीच, थोडे अडखळत गाते.

५ जुलै

हेरोदाचे गाणे. शब्द आणि चाल सर्व रकान्यांत जवळपास तीच. वेश दर वेळी नवा. याही चालीचा आधी एक अवतार होऊन गेला होता, 'ट्राय इट अँड सी' या नावाने. मूळ ध्वनिमुद्रिकेत ती जुन्या करमणूकगृहातल्या पियानोच्या ठेक्यावर चालते. २०१२ च्या दौऱ्यात हेरोद दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचा सूत्रसंचालक झाला आणि येशू प्रभू की भोंदू, यावर प्रेक्षकांचा कौल मागू लागला. गंमत अशी की, त्या दौऱ्यातील येशू, बेन फॉर्स्टर, हे स्वतः अशाच एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले होते. २०१८ मध्ये हेरोद झाले ॲलिस कूपर, ज्यांनी १९९६ च्या लंडनच्या ध्वनिमुद्रिकेतही हेच गाणे म्हटले होते. हेरोदाला चमत्कार फक्त करमणूक म्हणून हवा आहे, म्हणून त्या त्या काळातील करमणुकीचा कपडा त्याला बसतो. याहून अधिक लिहिण्यासारखे येथे नाही.

'होसान्ना' याच्या उलट. त्यात बदल गाण्याच्या आतच आहे : गर्दी येशूला आधी आमच्याकडे पाहून हस म्हणते, मग आमच्यासाठी लढ, आणि शेवटी त्याच उत्साहात आमच्यासाठी मर. चित्रपटात त्या शेवटच्या ओळीवर येशूच्या चेहऱ्यावर चित्र क्षणभर गोठते. रंगमंचावर चित्र गोठवता येत नाही, म्हणून तेथे सगळा भार नटावर आणि गर्दीच्या अजाण आनंदावर पडतो. गर्दीला आपण काय मागितले ते कळल्यासारखे दाखवणारी मांडणी मला चुकीची वाटते.

११ जुलै

'गेथशेमाने', म्हणजे अटकेपूर्वी येशू बागेत एकटाच आपल्या बापाशी, देवाशी, बोलतो ते गाणे. मूळ ध्वनिमुद्रिकेत येशू झालेले इयान गिलन हे 'डीप पर्पल' या रॉक वाद्यवृंदाचे गायक. मी का मरावे, या प्रश्नापाशी त्यांचा आवाज तार सप्तकात अशा जागी जातो की, गाणे आणि किंकाळी यांच्यातली सीमा पुसते. टेड नीली यांनी चित्रपटात आणि स्टीव्ह बाल्सॅमो यांनी १९९६ मध्ये ती जागा आपापल्या परीने घेतली, आणि आज परिस्थिती अशी आहे की, श्रोते गाणे ऐकण्याऐवजी त्या स्वराची वाट पाहत बसतात. वन्स मोअर मिळवणारी जागा नटाला कशी बांधून ठेवते, हे आपल्या नाट्यसंगीताच्या रसिकाला वेगळे सांगायला नको.

म्हणून २०१८ चे मुद्रण मला उपयोगी वाटले. जॉन लेजंड यांचा गळा सोल संगीतात मुरलेला, मऊ आहे. त्यांच्या तोंडी हे गाणे बापाशी चाललेल्या वादाऐवजी विनवणी होते. अनेकांना ते मिळमिळीत वाटले. माझ्या मते या गाण्याचे शब्द दोन्ही सोसतात, पण एक फरक पडतो : येशू ओरडलाच नाही, तर शेवटी त्याने दिलेली संमती आधीच ठरलेली वाटते, आणि त्या संमतीपर्यंत पोहोचण्याचा प्रवास हेच या गाण्याचे नाट्य आहे. लेजंड यांच्या रकान्यात 'गायन उत्तम, वळण पुसट' असे लिहिले.

१४ जुलै

तुलनेसाठी बाहेरची दोन नाटके पाहिली. याच जोडीचे 'जोसेफ अँड द अमेझिंग टेक्निकलर ड्रीमकोट' १९६८ मध्ये लंडनमधील एका शाळेत सुमारे पंधरा मिनिटांचे गायन म्हणून सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत गाणी जोडत जोडत पूर्ण नाटकाएवढे झाले. तेथे गाणे घालणे म्हणजे माळेत आणखी एक मणी ओवणे. आधीच्या मण्यांना त्याचा उपद्रव होत नाही.

'गॉडस्पेल'ची गोष्ट अधिक कामाची आहे. जॉन-मायकेल टेबेलॅक यांनी ते विद्यार्थी असताना रचले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या चेरी लेन नाट्यगृहात आले, तेव्हा स्टीफन श्वार्ट्झ यांनी बहुतेक सारे संगीत नव्याने केले, पण आधीच्या प्रयोगातील 'बाय माय साइड' हे दुसऱ्यांचे गाणे तसेच ठेवले. १९७३ च्या चित्रपटासाठी श्वार्ट्झ यांनी 'ब्युटिफुल सिटी' लिहिले, आणि १९९२ च्या लॉस एंजेलिसमधील दंगलीनंतर त्याचे शब्द बदलले. आधीचे गाणे आनंदी, भाबडे होते. नवे शब्द पडझडीतून, हळूहळू, माणसांनी माणसांसाठी उभारायच्या शहराचे आहेत. तीच चाल आणि तेच नाव, पण बाहेरच्या जगातील घटनेने शब्द बदलायला लावले. 'सुपरस्टार'मध्ये असे एकही उदाहरण मला सापडलेले नाही. तेथे जग बदलले तरी शब्द राहिले आणि अर्थ बदलून घेण्याचे काम मांडणीवर पडले. याला एक व्यावहारिक कारणही आहे : अशा नाटकांचे प्रयोग परवान्याने होतात आणि हक्कधारकांच्या संमतीशिवाय शब्द किंवा स्वर बदलता येत नाहीत. दिग्दर्शकाच्या हाती उरतात गायक, लय, वेश आणि प्रकाश.

२० जुलै

शेवटची ओळ भरली. 'जॉन नाइनटीन : फॉर्टी-वन' ही केवळ वाद्यांची रचना आहे. तिचे नाव योहानाच्या शुभवर्तमानातील ज्या वचनाचे आहे, त्यात जेथे येशूला क्रुसावर दिले तेथील बागेचा आणि तीत असलेल्या, कोणालाही अजून न ठेवलेल्या नव्या कबरीचा उल्लेख आहे. पुनरुत्थान नाटकात दाखवलेले नाही. तंतुवाद्यांवर वाजते ती 'गेथशेमाने'चीच सुरावट : ज्या चालीत येशूने मी का मरावे असे विचारले, ती चाल आता विचारणाऱ्याशिवाय वाजते.

येथे शब्द नाहीत, गायक नाही, आणि चाल सगळीकडे तीच. तरी प्रत्येक चित्रमुद्रणात ही जागा वेगळी आहे. चित्रपटात नट आपापले कपडे चढवून बसमध्ये बसून निघून जातात आणि त्यांत येशू झालेला नट दिसत नाही. २०१८ मध्ये मागची भिंत क्रुसाच्या आकारात उघडते आणि क्रुसावरचा येशू प्रकाशात मागे मागे जातो, म्हणजे पुनरुत्थान न म्हणता त्याच्या अगदी जवळ नेऊन सोडले आहे. चित्रपटाचा शेवट मला अधिक प्रामाणिक वाटतो, पण ईस्टरच्या दिवशी घराघरांत बघितल्या जाणाऱ्या प्रयोगाने प्रकाशाची वाट धरली, यात नवल नाही.

तक्त्यात या ओळीपुढे 'गायक' आणि 'शब्द' हे उपरकाने कोरे ठेवले असून 'दृश्य' या उपरकान्यातच काय ते लिहिले आहे. चित्रपटाच्या पट्ट्यांची फेरमोजणी तेवढी बाकी राहिली. ती गाण्यांच्या तबकडीवरून उद्यापासून, मरीयेच्या गाण्यापासून सुरू करायची.